मागच्या डाव्या चाकापाशी

४ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मी बटण. लहानपणी शर्टाचं बटण गिळलं होतं म्हणून हे नाव तुम्हीच ठेवलंत, आणि ते असं चिकटलं की शाळेच्या दाखल्याखेरीज माझं खरं नाव कुठे उरलंच नाही. आता मी अठ्ठावीस वर्षांची आहे. घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन टाकलंय. कोट, फ्रॉक, पडदे, जे येईल ते शिवते. म्हणजे दिवसभर बटणंच.

लहान असताना मी तुम्हाला अरे-तुरे करायचे. एकोणीस वर्षांनी लिहायला बसल्यावर हात धजत नाही, म्हणून 'तुम्ही'. तुमचा पत्ता बाबांनी दिला. कपाटाचा तिसरा खण, दवाखान्याच्या कागदांखाली, असं नेमकं सांगितलं. तो इतकी वर्षं घरात होता हे मला माहीत नव्हतं.

बाबांची फुप्फुसं गेली आहेत. पलंगावरून खुर्चीत यायला दहा मिनिटं लागतात आणि मग बोलायला दम उरत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, आता महिने मोजू नका, आठवडे मोजा.

आणि अशा माणसानं परवा काय मागावं? "हत्तिणीच्या पोटाखालचा गंज काढ."

हत्तीण, तुमची दोघांची ती जुनी गाडी, अजून मागच्या शेडमध्येच आहे, ताडपत्रीखाली. समोरची डावी बाजू तशीच चेपलेली. बाबांनी तिला कधी कुणाला हात लावू दिला नाही, विकू दिलं नाही, आणि स्वतःही शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. मी विचारलं, गाडी चालवायची आहे का? नाही. विकायची? नाही. मग काय दिवाणखान्यात आणून ठेवायचीय? त्यावर हसले, मग खोकले. मेकॅनिकला बोलावते म्हटलं तर डोळे वटारले. "मेकॅनिक नको. तू काढ. आणि धाकट्याला विचारून काढ." धाकटा म्हणजे तुम्ही.

काका, त्या रविवारी उतारावर ब्रेक लागले नाहीत आणि आई गेली. गाडीच्या तळाला ठिगळ मारताना तुम्ही ब्रेकच्या नळीचा जोड सोडवला होता आणि पुन्हा आवळायला विसरलात. हे मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत आलेय. बाबा तुम्हाला सगळ्यांसमोर काय बोलले, "तुझ्या हातानं गेली ती," हेही मी दाराआडून ऐकलं होतं. ते उकरायला मी बसलेले नाही. मला फक्त गंज कसा काढायचा ते सांगा. माझ्याकडे चार कात्र्या, एक इस्त्री आणि एक स्क्रूड्रायव्हर आहे. फोन नंबर खाली लिहिलाय.

बटण


१३ फेब्रुवारी

बटण,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. फोनचं विसर. झाकणांच्या कारखान्यात अठरा वर्षं प्रेस मशीनवर काढली, दोन्ही कान तिथेच ठेवून आलो. माणूस समोर बसून ओरडला तरी ओठ बघून अंदाज बांधतो. लिहूनच बोल.

दादाला सांग... नको, काही सांगू नकोस.

माझं मत विचारशील तर हा नसता उद्योग आहे. भंगारवाल्याला बोलाव आणि शेड मोकळी कर. पण दादानं एकदा धरलं की सोडत नाही, आणि तू त्याचीच मुलगी. तेव्हा नीट ऐक.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. विटाही नकोत, वीट न सांगता फुटते. चार लोखंडी स्टँड आण. चाकांना ठोकळे लावून एकेक कोपरा थोडाथोडा उचल. चारही स्टँडवर बसली की खांद्यानं जोरात धक्का देऊन बघ. पडायचीच असेल तर तू बाहेर असताना पडू दे. पेट्रोलची टाकी जाणत्या माणसाकडून रिकामी करून उतरवून घे. शेडमध्ये काडीसुद्धा ओढायची नाही.

हातात जाड मोजे, तोंडाला फडकं, डोळ्यांना बाजूनं बंद असलेला चष्मा. चष्मा लावल्याशिवाय खाली जायचं नाही. पुन्हा लिहितो, चष्मा लावल्याशिवाय खाली जायचं नाही.

आधी गंजापासून राखायला तळाला थापलेलं डांबर. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं लावून ठेव, मऊ पडलं की पात्यानं खरवड. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सगळा तळ ठोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद् करतो. मला काही ऐकू यायचं नाही, तू ऐक आणि लिही. भद् वाजेल तिथे टोक दाब. आत गेलं तर तेवढा पत्रा गेला. गंज नुसता वरवर असेल तर तारेच्या ब्रशनं घास, पॉलिश पेपर मार, गंज मारायचं औषध लाव. ते काळं पडून वाळलं की रेड ऑक्साइडच्या लाल रंगाचे दोन हात. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही.

आणि एक. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूचं डांबर राहू दे. तिथला पत्रा नाजूक आहे, ब्रश लागला तर सगळंच हातात येईल. तेवढी जागा सोड.

काका


२४ फेब्रुवारी

काका,

चष्मा लावते. खाली जाताना लावते, वर येताना काढायला विसरते, आणि परवा तसाच लावून एका गिऱ्हाईक बाईंचं माप घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मापाला पुन्हा येईन म्हणून गेल्या त्या गेल्याच.

शेजारच्या सुतारानं स्टँड आणून दिले, गाडी उचलायला मदत केली. टाकी चौकातल्या मेकॅनिकनं उतरवली. बाबांना मेकॅनिक खपत नाही म्हणून त्याला पाहुणा म्हणून आत आणलं. गाडीला खांद्यानं धक्का दिला, ती हलली नाही, माझा खांदा दोन दिवस हलला नाही. मग मी उताणी होऊन आत सरकले. पहिल्या दिवशी तासाभरात रुमालाएवढं डांबर निघालं. तोंडात लोखंडाची चव, केसांत गंजाचे पापुद्रे. एका पांढऱ्या फ्रॉकवर माझं काळं बोट उमटलं, तो पुन्हा शिवावा लागला. पण काका, खोटं का बोलू, मला हे काम आवडायला लागलंय. पात्याखालून जुना पत्रा स्वच्छ निघाला की उसवलेली शिवण पुन्हा सरळ बसल्यासारखं वाटतं.

आवाजांचा हिशोब असा. चालकाच्या पायांखाली भद्. मागच्या सीटखाली उजवीकडे भद्. बाकी टण. तुमचं ठिगळ मधोमध आहे, ते घंटेसारखं वाजतं. त्याला गंजाचा ठिपकाही नाही.

दोन्ही भद् जागी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. आता पत्रा कुठून आणू? मला कॉलर कापता येते, पत्रा नाही. म्हणून खाकी कागद खालून लावून दोन्ही भोकांचे नमुने कापलेत, पाकिटात घातलेत. तेवढे पत्रे कापून पाठवाल?

बाबांचा पलंग शेडकडच्या खिडकीपाशी सरकवलाय. खरवडण्याचा आवाज थांबला की ते चमच्यानं खिडकीच्या गजावर दोनदा वाजवतात. म्हणजे, जिवंत आहेस का? मी खालून पान्यानं तीनदा वाजवते. म्हणजे, आहे, गप पडा. त्यांचा दिवस असा जातो.

तुम्ही त्यांना काही सांगू नकोस म्हणालात, पण पत्र त्यांनी मागून घेतलं आणि वाचलं. 'तेवढी जागा सोड' इथे आले आणि कागद छातीवर ठेवून डोळे मिटून पडले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "नाही. तिथलंच काढायचं."

आता रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "मागच्या डाव्या चाकापाशी पोचलीस का?" मी काय करू?

बटण


८ मार्च

बटण,

पार्सलमध्ये दोन पत्रे आहेत. जरा उशीर झाला, कारण तुझ्या शिंपीपणापायी दोनदा कापावे लागले. मी कागद पत्र्यावर ठेवला, जोडासाठी चारी बाजूंनी इंचभर जास्त घेऊन पत्रा कापला, कडा घासल्या, आणि मग मला तुझ्या कागदावर ती ठिपक्यांची रेघ दिसली. तू शिलाईला अर्धा इंच आधीच सोडला होतास! अगं, कापड आत दुमडतात. पत्र्याची शिलाई कोण दुमडणार आहे? मी एकटाच हसत बसलो होतो. कपाटं बनवणाऱ्याच्या दुकानातली कात्री मागून आणली होती, तो बघायला लागला की म्हाताऱ्याला झालं काय.

एकोणीस वर्षांनी गाडीचा पत्रा हातात धरला.

वेल्डिंगच्या फंदात पडू नकोस. पत्रा वरून बसव, कडेला सील करायची पेस्ट भर आणि त्या मेकॅनिककडून रिव्हेट मारून घे. गाडी चालवायची नाहीये, तेवढं पुरे.

हत्तीण आम्ही भंगारातून आणली तेव्हा तिला तळ नव्हताच. दादा कचेरीतून यायचा आणि मी गॅरेजमधून, आणि दोघं तिच्याखाली. वर्ष लागलं. रंग हातानं मारला. दादा ब्रश उभा मारायचा, मी आडवा. त्यावरून रोज भांडण. शेवटी उजवी बाजू त्याची, डावी माझी, असं ठरलं. वहिनी म्हणायची, ही गाडी समोरून आली तर बरी, वळली की दोन गाड्या दिसतात. मग आम्हाला दोघांनाही चहा मिळायचा. मला ती सख्ख्या बहिणीसारखी होती.

दादाला सांग, जागा सोडायची ती सोडायचीच. हट्ट करू नको म्हणावं. आणि मी येईन का असं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, येणार नाही. माझा पाय त्या घरात नको.

काका


१९ मार्च

काका,

हे पत्र तीन वेळा लिहिलं. पहिलं नुसतं रागाचं होतं, ते फाडलं.

तुम्ही म्हणता जागा सोड. बाबा म्हणतात तिथलंच काढ. मी दोघांच्या मध्ये उताणी. माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट लिहिते. मला वाटलं, तुमची चूक तिथे आहे आणि ती कुणी पाहू नये म्हणून तुम्ही आडवे येताय, एकोणीस वर्षांनीसुद्धा. माझं डोकं फिरलं. म्हणून मंगळवारी मुद्दाम तिथलं डांबर काढलं.

पत्रा नाजूक नाही. टणकन वाजतो. त्याच्या खालून ब्रेकची नळी जाते, तुमच्या ठिगळापासून चांगली दोन हात लांब. ती गंजून कागदासारखी झालीय. एका जागी माझ्या करंगळीच्या नखाएवढी फुटलीय, कडा बाहेर वळल्यात. तेवढा तुकडा मेकॅनिकनं कापून दिला. तो म्हणाला, ब्रेकवर जोरात पाय पडला की कुजलेली नळी अशी आतून फुटते, याचा जोडाशी काही संबंध नाही.

टॉवेलमध्ये गुंडाळून तो तुकडा बाबांना दाखवला. त्यांनी विचारलंही नाही, हे काय म्हणून. नुसतं म्हणाले, "सापडलं."

मग दोन दिवसांत, थोडंथोडं, श्वास पुरेल तसं त्यांनी सांगितलं. त्या रविवारी आपण सगळे फिरायला जायचं ठरलं होतं. शुक्रवारी त्यांनी एकट्यानं गाडीखाली डांबर मारलं. मारताना नळीवर बोट फिरलं आणि पापुद्रे निघाले. त्यांना कळलं होतं की नळी खराब आहे. तुम्हाला दाखवावी तर तुम्ही गाडी अडवून ठेवली असती, रविवार गेला असता. म्हणून तिच्यावर जाड डांबर थापलं. निभेल म्हटलं. मला तो शुक्रवार आठवतो, काका. आई रॉकेलच्या बोळ्यानं त्यांचे हात पुसत होती आणि शर्ट वाया गेला म्हणून कटकट करत होती.

पुढे तुम्हीच पोलिसांच्या तपासणीच्या साहेबांना सांगितलंत की जोड आवळायला विसरलो. बाबांना वाटलं, असेलही. जोड असेल, नळी नसेल. त्यांनी तसं धरून चालायचं ठरवलं. खाली जाऊन एकदा बघितलं असतं तर कळलं असतं, पण त्यांना ते धाडस झालं नाही. आता जायच्या आधी त्यांना खरं काय ते हवं होतं. तोंडानं सांगवत नव्हतं, म्हणून मला पातं घेऊन खाली पाठवलं.

मी उठून शेडमध्ये गेले आणि गाडीखाली पडून रडले. चष्म्यात पाणी साचतं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. तुमच्यावर एकोणीस वर्षं रागावले ते सगळं फुकट गेलं, आणि बाबांवर रागवावं तर त्यांना श्वास पुरत नाही. खिडकीतून दोनदा चमचा वाजला. मी उत्तर दिलं नाही. पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. मग दिलं.

त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत: "त्याला लिही, तुझा हात चुकला नव्हता. माझा चुकला."

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. नळीवर डांबराचे दोन थर आहेत. खालचा थर नळीबरोबर फुटलाय, पण वरचा, जो मी अर्धाच खरवडला, फुटलेल्या जागेवर अखंड होता. म्हणजे तो नंतर मारलेला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मी एकदाच मारलं." आणि कूस वळवली. आता लपवण्यासारखं काय उरलंय त्यांच्याकडे?

मला माफ करा. मीही तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ बोलले आहे.

बटण


२४ मार्च

बटण,

बापाला खोटं ठरवू नकोस. दुसरा थर माझा.

अपघातानंतर गाडी पोलिसांच्या आवारात नेली होती. दुसऱ्या दिवशी दहाला तपासणीचे साहेब येणार होते. मी सातला गेलो, पहारेकऱ्याला सांगितलं की वहिनीची पर्स आत राहिलीय, आणि खाली शिरलो. तू जे मंगळवारी पाहिलंस ते मी तेव्हाच पाहिलं. डांबर ताजं होतं. त्यावरचा हात कुणाचा हे मला विचारावं लागलं नाही.

दादा दवाखान्यात बरगड्या बांधून पडला होता. वहिनी गेलेली. तू नऊ वर्षांची, शेजारणीकडे बसून आईचे कपडे शिवून झाले का विचारत होतीस, कारण आई शिंप्याकडे गेलीय असं त्यांनी तुला सांगितलं होतं. मला वाटलं, आपण मारलेल्या डांबराखालीच नळी फुटली असं दादाला कळलं तर तो एक दिवस जगायचा नाही. मग तुझं कोण? मी? मला धड चहा करता येत नव्हता.

म्हणून जोड मी माझ्या हातानं सैल केला. फुटलेल्या जागेवर डांबर मारलं, आणि दहा वाजता साहेबांना सांगितलं, मी आवळायला विसरलो. गॅरेज बंद झालं ते झालं. दादा सगळ्यांसमोर ओरडला तेव्हा लागलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. म्हटलं, याला पटलं. आता हा जगेल, पोरीला वाढवील. तुझं पत्र आलं तेव्हाही तेच भय. आजारी माणसाला शेवटी शेवटी हे कळायला नको, म्हणून जागा सोड म्हणालो.

त्याला माहीत होतं, हे मला कुठे माहीत होतं? तो तिथे, मी इथे, एकच गोष्ट दोघं गिळून बसलो. तू गिळलेलं बटण दोन दिवसांत बाहेर आलं होतं, पोरी. आम्हाला एकोणीस वर्षं लागली.

मी शुक्रवारच्या बसनं निघतो. दोन दिवसांचा प्रवास आहे. हे पत्र दादाला वाचून दाखव, मोठ्यानं वाच, गाळू नकोस. माझा राग नाही म्हणावं. तेव्हाही नव्हता. त्याला सांग, मी येतोय, थांब.

काका


१२ एप्रिल

काका,

या पत्रात मी तुला 'तू' म्हणणार आहे. तुझ्या छातीवर डोकं ठेवून रडल्यावर आता 'तुम्ही' म्हणायला लाज वाटते.

तू येऊन गेलास त्याला दहा दिवस झाले. तू आलास तेव्हा बाबांना जाऊन दोन दिवस झाले होते. तुला कळवायला फोन नाही, आणि तू वाटेत. तू फाटकातून आत आलास, खिडकीपाशी रिकामा पलंग पाहिलास, आणि घरात न येता शेडमध्ये जाऊन गाडीखाली पडून राहिलास. मी चहा घेऊन आले तर तुझे फक्त बूट दिसत होते. मी पान्यानं दोनदा वाजवलं. मग आठवलं, तुला ऐकू येत नाही.

परतताना बसपाशी तू मला विचारलंस, "माझं पत्र त्यानं ऐकलं ना?" मी मान हलवली. तुझ्याशी बोलताना सगळं लिहावं लागतं, आणि तेव्हा कागद नव्हता, आणि हो म्हणायला मान पुरली. तुझा चेहरा असा सैल पडला की बस सुटेपर्यंत मला वाटत राहिलं, बरं केलं.

काका, ते खोटं होतं. बाबा शुक्रवारी दुपारी गेले. तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते त्यांच्या पलंगावर बसून मोठ्यानं वाचलं, न गाळता, पण ऐकायला कुणी नव्हतं.

दहा दिवस मशीनवर बसते आणि शिवण वाकडी जाते. आपल्या घरात प्रत्येकानं दुसऱ्याच्या भल्यासाठी झाकाझाक केली आणि काय झालं ते आपण पाहिलं. तू तिकडे, तो इकडे, मी मध्ये तुला शिव्या देत मोठी झाले. आता त्यावर माझा तिसरा थर नको. तुला वाईट वाटेल. वाटू दे. पण खरं वाटेल.

आता जे खरोखर घडलं ते लिहिते. जायच्या आदल्या दिवशी बाबांनी तो नळीचा तुकडा मागितला. चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात, वरच्या थरावर नख फिरवत बसले. फार वेळ. दमले तरी सोडेनात. मग म्हणाले, "धाकटा आडवा मारायचा." मला वाटलं, जुनं काहीतरी आठवून बोलताहेत. तुकडा हातातून घ्यायला गेले तर दिला नाही, मुठीत धरूनच झोपले.

उभ्या-आडव्या ब्रशचं तुझ्या ८ मार्चच्या पत्रात होतं, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तू गेल्यावर काल तो तुकडा पुन्हा काढून पाहिला. वरच्या डांबरात ब्रशच्या रेघा आहेत, बारीक. आडव्या आहेत. त्यांना सगळं समजलं की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. जेवढं झालं तेवढं लिहिलंय.

मागच्या डाव्या चाकापाशी, नळी धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली, एक भोक निघालंय. त्याचा नमुना सोबत आहे. शिलाई सोडलेली नाही.

तुझी
बटण


१९ एप्रिल

बटण,

पत्र वाचून दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तसाही बोलायला कुणी नसतं, पण या वेळी मुद्दाम बोललो नाही. तुझा रागही आला. मग गेला.

बरं केलंस लिहिलंस.

आडवाच मारायचो. दादाला अंधारात बोट फिरवूनही कळायचं की हा ब्रश माझा. उगाच नाही भांडायचा. आता सारखं मनात येतं, त्या रेघांवर त्यानं नख फिरवलं हे तू लिहिलं नसतंस, तर मला तरी कळलं असतं का की त्याला कळलं? नाही कळलं असतं. म्हणून बरं केलंस.

नळीचा तुकडा टाकू नकोस. त्या जागी गंज मारायचं औषध लावून ठेव, रेड ऑक्साइडचे दोन हात दे, आणि डांबर लावू नकोस. तेवढी जागा उघडी राहू दे, बघायची असली की बघता येईल. नमुना मिळाला. पत्रा मी कापतो आणि घेऊन येतो, पार्सलनं पाठवत नाही. पुढच्या महिन्यात येईन. पलंग खिडकीपासून हलवू नकोस, मी तिथे झोपेन.

तोवर एकटी खाली जाशील तर चष्मा लाव.

काका